घरी ओंडका चिरून लाकूड वाळवायचंय? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरगुती लाकूड-चिराईवर इंटरनेटवर जे सापडतं ते बहुतेक अमेरिकेतलं, आणि त्यातही रेड ओकवरचं. ते वाचून पुण्यात ओंडका घरी आणणाऱ्यांना जे प्रश्न पडतात ते इथे एकत्र केले आहेत. लाकडाचे नियम तिकडचे असोत की इकडचे, सारखेच लागू पडतात. महिन्यांचं गणित मात्र आपलं वेगळं आहे, आणि गडबड होते ती तिथेच.

पुण्यात रेड ओकचा ओंडका मिळेल का?

नाही मिळणार असंच धरा. रेड ओक हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं झाड. भारतात ओकच्या जाती आहेत त्या हिमालयात आणि ईशान्येकडे, उत्तराखंडातला बांज त्यातलाच. सह्याद्रीत ओक उगवत नाही. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा आयात लाकूड विकणाऱ्यांकडे चौकशी केलीत तर रेड ओक मिळतो तो भट्टीत वाळवून आलेल्या फळ्यांच्या रूपात. वखारीत त्याला नुसतं ‘केडी’ म्हणतात. म्हणजे चिराई आणि वाळवण तिकडेच उरकलेली असते.

मग रेड ओकची माहिती वाचून आपल्याला उपयोग काय?

रेड ओक वाळवायला अवघड, आणि अवघड लाकडाचे नियम पाळले की आपली बाभूळ किंवा ऐनही सहसा दगा देत नाहीत. ओल्या रेड ओकच्या आतल्या लाकडात पाणी किती? लाकडाच्या स्वतःच्या कोरड्या वजनाच्या जवळपास 80 टक्के. ते पूर्ण वाळताना वर्षवलयांच्या दिशेने 8.6 टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने फक्त 4 टक्के. सागाचे हेच आकडे 5.8 आणि 2.5. एकाच फळीत दोन दिशांना इतकं वेगवेगळं आकसणं झालं की ती वाकणार, पीळ खाणार किंवा तडकणार.

म्हणून रेड ओकसाठी वेगाची मर्यादा ठरलेली आहे: एक इंची फळीतून दिवसाला 3.8 टक्क्यांहून जास्त ओलावा जाऊ द्यायचा नाही, दोन इंचीतून 1.5 टक्के. एक इंची फळी 80 वरून 20 टक्क्यांवर यायला हिशोबाने किमान सोळा दिवस होतात. ही वरची मर्यादा आहे, गाठायचं उद्दिष्ट नव्हे. मे महिन्यात उघड्या गच्चीवर ठेवलेली ओली फळी ही मर्यादा सहज ओलांडते, मग संध्याकाळी भेगा मोजत बसावं लागतं.

आमच्या आवारात सिल्व्हर ओक आहे. तो ओकच ना?

नाही. तो मूळचा ऑस्ट्रेलियातला, वेगळ्याच कुळातला. वलयं उभी येतील अशी फळी चिरली तर ओकसारखी चकाकती नक्षी दिसते, साम्य तेवढंच. लाकूड हलकं, कामाला सोपं, पेट्या-ड्रॉवरला छान. पण याच्या भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, तेव्हा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मास्क हवाच.

वादळात सोसायटीतलं झाड पडलं. उचलून चिरू का?

आधी कागद, मग करवत. शहरात महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 लागू आहे आणि परवानगी देतं महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण. झाड आपोआप पडलं असलं तरी उद्यान विभागाला कळवून नोंद करून घ्या. गावाकडच्या शेतातल्या झाडाला 1964 चा वृक्षतोड नियमनाचा कायदा आहे. त्याच्या यादीत नुसता सागच नाही, तर आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, खैर हेही आहेत. ‘माझ्याच बांधावरचा आंबा’ हे उत्तर तिथे चालत नाही. मुळशी-भोरहून ओंडका टेम्पोत घालून आणायचा तर वनखात्याचा वाहतूक परवाना लागतो का, ते त्या जातीपुरतं आधी विचारून घ्या. कागद नसेल तर सॉ मिलवाला माल उतरवूनच घेणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

चंदनाच्या वाटेला जाऊ नका.

घरीच छोटी आरा मशीन बसवली तर?

आरागिरणीला वनखात्याचा परवाना लागतो, आणि जंगलतोडीवरच्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर नव्या परवान्यांवर कडक बंधनं आली. अमेरिकेतल्या व्हिडिओत परसात बँड मिल ठेवलेली दिसते, त्यावर जाऊ नका. आपल्याकडे चिराई मिलमध्ये आणि वाळवण घरी, ही वाटणी सोयीची.

पुण्यात मिळणाऱ्या झाडांपैकी चिरण्यालायक कोणती?

माझा कौल रेन ट्रीला. रस्त्याकडेची ही प्रचंड झाडं पडली की त्यांचे तुकडे सरपणाला जातात, आणि जीव हळहळतो. त्याचं लाकूड आकसतं फारच कमी, वलयांच्या दिशेने 3.4 टक्के आणि दुसऱ्या दिशेने 2. म्हणून तर जगभर त्याच्या अखंड रुंद फळ्यांची टेबलं होतात. आतलं लाकूड चॉकलेटी, बाहेरचं पिवळट पांढरं. त्या पांढऱ्या भागाला किडा लवकर लागतो, त्याबद्दल पुढे.

आंबा पटकन वाळतो, पण ओला असताना त्याला निळी-काळी बुरशी धरते. म्हणजे ओकच्या बरोबर उलट: ओकला रोखायचं, आंब्याला घाई करायची. फणस देखणा, पिवळाधमक, वाळवायला समजूतदार. बाभूळ चिवट आणि जड, सावकाश घ्या. कडुनिंब चालतो. निलगिरी चिरताना आणि वाळताना वाकते, पीळ खाते. नवख्याने तिच्या नादी लागू नये. गुलमोहर सोडून द्या. साग असेल तर हे पान वाचायची फारशी गरज नाही, सागाइतकं सभ्य लाकूड दुसरं नाही.

शहरातलं झाड म्हटलं की मिलवाला नाही का म्हणतो?

खिळे. जाहिरातींच्या पाट्या, दिव्यांच्या माळा, तारा, सगळं झाडाच्या पोटात गेलेलं असतं. एक खिळा लागला की बँड सॉचं पातं गेलं. हातात धरायचा मेटल डिटेक्टर घेऊन ओंडका सगळीकडून तपासा, विशेषतः जमिनीपासून सात-आठ फुटांपर्यंत. चिरलेल्या टोकावर निळसर काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असं समजा. खिळा निघाला तर पात्याची किंमत देईन, असं आधीच कबूल केलं की बोलणं पुढे सरकतं.

चेनसॉने चिरता येत नाही का?

येतं. चेनसॉला लावायची चौकट मिळते, पण साखळी उभ्या, म्हणजे ओंडक्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या चिरेची घ्या; तिच्या दातांची धार साधारण 10 अंशांवर असते, नेहमीच्या आडव्या कापाच्या साखळीची 25 ते 35 अंशांवर. चेनसॉची चीर 8-9 मिलिमीटर लाकूड भुशात घालवते, बँड सॉ दोन-तीन. पाच-सहा फळ्यांमागे एक चांगली फळी भुसा होते. आवाजामुळे शेजाऱ्यांशी संबंध बिघडतात ते वेगळंच. ओंडका मिलमध्ये मावत नाही इतका जाड असेल तरच हा मार्ग. हेल्मेट, कानाला मफ, पायाला जाड संरक्षक पँट, आणि सोबत दुसरा माणूस, यात तडजोड नको.

ओंडका पडून किती दिवस चालेल? टोकांना काय लावायचं?

टोकं त्याच दिवशी बंद करा. लाकडातल्या नळ्या उभ्या असतात, त्यामुळे टोकाकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पटीने वेगात जातं. रेड ओकच्या नळ्या तर इतक्या मोकळ्या की छोट्या तुकड्याचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे येतात. व्हाइट ओकच्या नळ्या आतून बुजलेल्या असतात, म्हणून दारूची पिंपं त्याची करतात.

मेणाचं इमल्शन मिळालं तर उत्तम. नाहीतर घरातला उरलेला ऑइल पेंट, दोन-तीन जाड हात. डांबरी रंगही चालतो. साल काढू नका, मात्र आंबा आणि रेन ट्री सालीसकट महिनोन्‌महिने ठेवले तर आत किडा होतो.

फळी किती जाडीची काढू?

एक इंच तयार फळी हवी असेल तर दहा सूत चिरा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). आकसणं, वाकणं आणि रंधा मिळून दोन सूत जातातच. पहिल्यांदाच करत असाल तर तीन इंची स्लॅबचा मोह आवरा. जाडी दुप्पट झाली की वाळायला लागणारा वेळ दुपटीहून जास्त वाढतो.

चीर कशी घ्यायची?

मिलमध्ये सरळ एकामागून एक फळ्या पाडतात, स्वस्त आणि पटकन. त्यातल्या मधल्या दोन-तीन फळ्यांत वलयं उभी येतात. त्या सर्वांत स्थिर, टेबलाच्या वरच्या भागासाठी राखून ठेवा. कडेच्या फळ्यांवर नक्षी सुंदर, पण त्या पन्हळीसारख्या वाकतात. अगदी गाभा ज्या फळीत आला ती तडकणारच, तिला मधोमध उभी चिरून गाभा काढून टाका. मिलमध्ये उभं राहून हे सांगावं लागतं.

पुण्यात वाळायला किती दिवस लागतात?

‘इंचाला एक वर्ष’ हा नियम सगळीकडे छापलेला असतो. पुण्यात तो घड्याळासारखा चालत नाही, कारण आपली हवा वर्षात दोन टोकं गाठते. लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेतं. मे महिन्याच्या दुपारी 38 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर लाकूड 4 ते 5 टक्के ओलाव्याकडे जायला बघतं. जुलै-ऑगस्टमध्ये 25 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत तेच लाकूड 18 टक्क्यांच्या आसपास थांबतं. म्हणजे पावसाळ्यात थप्पी कितीही दिवस ठेवलीत तरी ती 12 टक्क्यांवर येणार नाही. उलट वाळलेली असेल तर परत ओलावा घेईल.

त्यामुळे चिराईला सगळ्यात चांगला काळ नोव्हेंबर ते जानेवारीचा मध्य. हवा कोरडी पण थंड, त्यामुळे सुरुवातीचे धोक्याचे आठवडे सौम्यपणे जातात. फळीच्या पृष्ठभागावर भेगा पडतात त्या याच सुरुवातीच्या आठवड्यांत, आतलं लाकूड ओलं आणि बाहेरचं कोरडं असताना. मार्चपर्यंत बरंचसं पाणी गेलेलं असतं, मग एप्रिल-मेचा उन्हाळा उरलेलं काम करतो. या वेळापत्रकात एक इंची आंबा किंवा रेन ट्री जूनच्या आत 10-12 टक्क्यांवर येतो. एक इंची बाभूळही बहुधा येते. दोन इंची जड लाकूड मात्र पुढच्या उन्हाळ्यावर जातं, त्याला इलाज नाही.

अडचण अशी की झाडं आपल्या सोयीने पडत नाहीत. ती पडतात वळवाच्या वाऱ्यात आणि जूनच्या पहिल्या पावसात, म्हणजे सर्वांत वाईट वेळी. अशा वेळी जात बघून ठरवा. आंबा लगेच चिरा, शेडखाली थप्पी लावा आणि पंखा सुरू ठेवा; पावसाळ्यात हवा हलती राहणं हाच बुरशीवरचा इलाज. रेन ट्रीही लगेच चिरलेला बरा. बाभळीसारखा जड ओंडका टोकं बंद करून, जमिनीपासून उचलून सावलीत ठेवला तर दसऱ्या-दिवाळीपर्यंत थांबतो. मे महिन्यातच जड लाकूड चिरावं लागलं तर थप्पीभोवती ओलसर गोणपाट नाहीतर हिरवी शेडनेट लावून वारा अडवा. वाळवायला बसलोय आणि वारा अडवतोय, हे विचित्र वाटतं, पण पहिले तीन-चार आठवडे हेच करायचं असतं.

थप्पी कशी लावायची?

खाली विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक, जमिनीपासून निदान फूटभर वर, सगळे एका पातळीत. पाया वाकडा असेल तर वरची प्रत्येक फळी तोच बाक घेऊन वाळते. दोन थरांमध्ये पाऊण ते एक इंच जाडीच्या पट्ट्या, दर 16 इंचांवर एक, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकाखाली एक, ओळंब्यात. एक पट्टी अगदी टोकाला हवी. पट्ट्या कोरड्या लाकडाच्याच. ओल्या पट्ट्यांनी फळीवर आडवे डाग पडतात आणि ते रंध्याने जात नाहीत.

वर वजन ठेवा. शहाबादी फरशीचे जुने तुकडे यासाठी झकास, जिथे घरांची तोडफोड चालू असेल तिथे मिळतात. सर्वांत वर पत्रा, पण फळ्यांना न टेकणारा आणि चारी बाजूंनी फूटभर बाहेर. थप्पी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आत वाफ धरते आणि आठवड्यात बुरशी दिसते.

फ्लॅटमध्ये राहतो. बाल्कनी चालेल?

पश्चिमेची नको. पार्किंगचा कोपरा मिळाला तर सोनं, सावली आणि वारा दोन्ही. सेक्रेटरींची समजूत काढणं हे तुमचं कौशल्य. गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली उन्हाळ्यात भट्टी होते, तिथे अर्धवट वाळलेलं लाकूड न्या, ओलं नको.

भेगा पडायला लागल्या. आता?

बारीक, केसासारख्या असतील तर वारा कमी करा, त्या रंध्यात निघून जातील. टोकाच्या भेगा कापून टाका. दर टोकाला तीन-चार इंच जाणार हे आधीच हिशोबात धरायला हवं. घाबरायचं ते न दिसणाऱ्या भेगांना. वरचा थर घाईत वाळून कडक झाला की आतलं लाकूड आकसताना पोटात फाटतं. बाहेरून फळी निरोगी दिसते आणि कापल्यावर आत पोकळ्या सापडतात. ओकच्या जाड फळ्यांना हे हमखास होतं, आणि झाल्यावर काहीच करता येत नाही.

लाकूड वाळलं हे ओळखायचं कसं?

हाताला कोरडं लागतं, वाजवल्यावर टणक वाजतं, हे सगळं अंदाजपंचे. दोन पिनांचा मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतो. तो टोकाला न टोचता मधोमध टोचा, आणि शक्य असेल तर एक फळी कापून ताज्या छेदात.

मीटरवर भरवसा नसेल तर स्वयंपाकघर आहे. फळीच्या टोकापासून फूटभर आतला एक इंच रुंद काप घ्या, किचनच्या काट्यावर वजन करा, मग ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा. आधी 240 ग्रॅम आणि शेवटी 200 ग्रॅम भरलं, तर गेलेले 40 भागिले कोरडे 200, म्हणजे ओलावा 20 टक्के. भागायचं कोरड्या वजनाने, म्हणूनच ओल्या लाकडात 80 काय, 100 टक्क्यांहून जास्त ओलावाही निघू शकतो. घरातल्यांना आधी सांगून ठेवा, ओव्हनला वास येतो.

फर्निचरसाठी पुण्यात 10 ते 12 टक्के ठीक. बाहेरच्या बाकासाठी 15 चालतात.

सोलर भट्टी बांधावी का?

जागा असेल तर जरूर. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने आपल्या हवामानासाठी अशा भट्ट्यांवर काम केलेलं आहे. मूळ कल्पना साधी: दक्षिणेकडे तोंड असलेलं उतरतं पारदर्शक छप्पर, आत काळा रंगवलेला पत्रा, पंखा, आणि वरखाली उघडझाप करता येणाऱ्या खिडक्या. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर, त्यामुळे छपराचा उतार वीस अंशांच्या आसपास पुरतो. काचेचं क्षेत्र मात्र वाढवू नका. ओकसारख्या लाकडासाठी अमेरिकेत वापरलं जाणारं प्रमाण आहे 10 बोर्ड फुटांना, म्हणजे पाऊण घनफुटाहून किंचित जास्त लाकडाला, एक चौरस फूट छप्पर. भट्टी अर्धी रिकामी ठेवून चालवली तर तीच फळ्या तडकवते.

हिचा खरा फायदा रात्री होतो. सूर्य मावळला की आत हवा थंड आणि दमट होते, फळीतला ओलावा सारखा पसरतो आणि दिवसभराचा ताण उतरतो.

फळ्यांतून पिवळसर पीठ गळतंय.

भुंगा लागलाय. तो सालीलगतच्या पांढऱ्या लाकडातला स्टार्च खातो, आंबा आणि रेन ट्री त्याच्या खास आवडीचे. चिरल्या चिरल्या, फळ्या ओल्या असतानाच, बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून काढल्या तर औषध आत झिरपतं. लाकूड वाळल्यावर वरून फवारून फारसं काही साधत नाही. लागण झालेली फळी बाकीच्यांपासून आजच वेगळी करा. वाळवीसाठी थप्पीचे पाय तपासत राहा, मातीची बारीक नळी दिसली की मोडा.

ओल्या फळीवर काळे डाग पडले. बुरशी का?

बाभूळ, खैर, ऐन किंवा ओक असेल तर बहुधा लोखंड. या लाकडांतल्या टॅनिनचा लोखंडाशी संबंध आला की निळा-काळा रंग होतो. ओल्या लाकडावर लोखंडी शिकंजा, खिळे, जीआय तार ठेवू नका. डाग ऑक्झॅलिक ॲसिडने फिका होतो. ते विषारी आहे, हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

ओंडका किती घनफूट भरेल, आणि उचलायचा कसा?

बाजारात घेराच्या चौथाईने मोजतात. घेर 60 इंच, लांबी 8 फूट: चौथाई 15, त्याचा वर्ग 225, भागिले 144, गुणिले 8, म्हणजे साडेबारा घनफूट. प्रत्यक्षात ओंडक्यात जवळपास 16 घनफूट असतात; उरलेलं साल, बाक आणि चिराईतली घट म्हणून आधीच सोडलेलं आहे. वजन मात्र पुऱ्या 16 घनफुटांचं. ओल्या लाकडाला घनफुटाला 28 किलो धरा, साडेचारशे किलो झाले. चार मित्र आणि वडापावचं आमिष एवढ्यावर हे होत नाही, हायड्रा क्रेन किंवा चेनब्लॉक (साखळीचा कप्पा) सांगा.

टिंबर मार्केटमधून केडी रेड ओक आणला. लगेच कामाला घेऊ?

नको. तो भट्टीतून साधारण 6 ते 8 टक्क्यांवर निघतो. जुलैत आणून लगेच टेबल केलंत तर पुढच्या महिन्यात तो फुगेल. कडेची, आडव्या वलयांची 12 इंची रेड ओक फळी ओलाव्यात 6 टक्के फरक पडला की रुंदीत दोन सूत हलते. साग तेवढ्याच फरकाला एक सूत. फळ्या पट्ट्या घालून ज्या खोलीत फर्निचर राहणार तिथेच दोन-तीन आठवडे ठेवा, मीटरवर आकडा स्थिर झाला की करवत लावा. आणि टेबलाचा वरचा भाग खालच्या चौकटीला फेव्हिकॉलने चिकटवू नका. स्क्रूची भोकं लांबट ठेवा, म्हणजे पावसाळ्यात फुगायला आणि उन्हाळ्यात आकसायला जागा राहते.